संशयाचा फायदा

बुली येणार आहे हे मला मासळीबाजारात कळलं. अमूल्य साहा शेजारच्या पाटीवर पाबदा निवडत होता. आगरतळ्यात जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा असली की जज बोलावण्यापासून मुलींच्या जेवणापर्यंत सगळं अमूल्यच बघतो. मला पाहिल्यावर त्याने हातातला मासा परत ठेवला.

“निशिदा, बकुलदीला सांगा. चंदननगरच्या मुली येतायत. त्यांच्याबरोबर कोच म्हणून बुली आहे. तिची मुलगीसुद्धा खेळणार आहे.”

“हे तू मला मासे घेताना सांगतोस?”

“घरी येऊन सांगायची छाती झाली नाही. बकुलदीसमोर उभं राहिलं की मला अजून वाटतं, आता गुडघा वाकलाय म्हणून ओरडणार.”

मी मासे न घेताच घरी आलो.

बकुल माझी बायको. मी हॉलसाठी गाद्या शिवायचो, काथ्या भरून, आणि त्या गाद्यांवर उड्या मारणाऱ्या मुलींत बकुल होती. पुढे ती शिकवायला लागली आणि मग जज झाली. बुली आमची एकुलती एक मुलगी. शाळेतलं नाव शर्बरी, पण ते आम्ही कधी तोंडात घेतलं नाही.

बुलीचं आणि तिच्या आईचं जे मोडलं ते बीमवर मोडलं. बीम म्हणजे तळहाताएवढ्या रुंदीची उंच तुळई, मुली तिच्यावर उड्या मारतात. आपल्या माणसाला आपण गुण द्यायचे नाहीत हा नियम तेव्हाही होता, पण नियम पाळायला जज कुठून आणायचे? निवडीच्या स्पर्धेत बुलीच्या बीमसमोर बकुललाच बसवलं. चार जज होते आणि प्रत्येकापुढे आकड्यांच्या पाट्या. खेळ झाला की प्रत्येकाने आपला आकडा वर धरायचा. त्यातला सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा सोडून द्यायचा आणि मधल्या दोघांची सरासरी काढायची. बुली खाली उतरली, धापा टाकत वळली, आणि तिने पाहिलं, सगळ्यांत खालचा आकडा आईच्या हातात आहे. तिची संघातली जागा थोडक्यात गेली.

मी समजूत काढायला गेलो. म्हटलं, “अगं, आईचा आकडा धरलाच नाही ना त्यांनी. खालचा सोडूनच देतात.”

“बाबा, तिने बाकीच्यांइतका दिला असता तर तो दुसऱ्या बाईंचा खालचा सुटला असता. एवढा हिशोब मला येतो.”

बकुल भात वाढत होती. ती म्हणाली, “पाय वाकला होता. मी जे पाहिलं ते दिलं.”

“लोक काय म्हणतील म्हणून दिलंस तू.”

“पाय वाकला होता, बुली.”

त्यानंतर बुलीने खेळ सोडला, मग घर सोडलं. लग्न केलं ते आम्हाला नंतर कळलं. मुलगी झाली तेही दुसऱ्यांकडून कळलं. पूजेच्या दिवसांत मी फोन केला तर घेते. तब्येत विचारते, गुडघ्याला तेल लावा म्हणते. आईचं नाव काढलं की तिकडे कुकरची शिट्टी होते.

तर त्या दिवशी मी घरी येऊन बकुलला सांगितलं. ती फणसाच्या आठळ्या सोलत होती. सोलत राहिली. शेवटची आठळी टोपल्यात टाकून म्हणाली, “मी बैठकीत उभी राहीन.”

स्पर्धेआधी जजांची बैठक असते. प्रमुख विचारतात, खेळाडूंमध्ये कुणाचं मूल आहे का, नातेवाईक आहे का. असेल त्याने उभं राहून सांगायचं. मग त्याला बाजूला करतात.

“म्हणजे तू बसणार नाहीस?”

“जज म्हणून नाही. वर लोकांत बसेन, तुमच्या शेजारी.” तिने हात पदराला पुसले. “जजला टाळी वाजवता येत नाही हो. हसायचं नाही, मान हलवायची नाही, कुणाच्या ओळखीचं दाखवायचं नाही. इतक्या मुली माझ्यासमोर मोठ्या झाल्या, मी एकीलाही टाळी दिलेली नाही. नातीला देईन.”

“आणि बुली?”

“नियम असा आहे की दोन्ही बाजूंना विचारतात. तिला बोलावतील, विचारतील, या तुमच्या कोण. तिला सांगावंच लागेल.” आठळ्यांचं टोपलं उचलत म्हणाली, “रागाने का होईना, चारचौघांत म्हणेल ना, माझी मा आहे म्हणून.”

एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने त्या सकाळी जजचा निळा कोट घरीच ठेवला आणि लाल काठाची टांगाईल साडी नेसली. मी म्हटलं, “लग्नाला निघाल्यासारखी दिसतेस.” ती म्हणाली, “मग निघालेच आहे. एका लग्नाला जायचं राहिलं होतं ना?”

बैठकीच्या खोलीबाहेर मी बाकावर बसलो. हॉलमध्ये मला कुणी हटकत नाही, अर्ध्या गाद्यांवर माझे टाके आहेत. दार उघडंच होतं. प्रमुख होते वर्गीस सर, केरळचे, उंच आणि सभ्य. त्यांना बंगाली येत नव्हतं, म्हणून सगळं हिंदीत चाललं होतं.

त्यांनी विचारल्याबरोबर बकुल उभी राहिली. “सर, चंदननगरच्या संघात माझी नात आहे.”

“छान केलंत सांगितलंत,” सर म्हणाले. “सगळ्यांनी असंच केलं असतं तर माझे अर्धे केस काळे राहिले असते.”

लोक हसले. अमूल्य हसला नाही. गुवाहाटीच्या बाई तापाने आल्या नव्हत्या. आता बकुलही उठली तर जजांच्या खुर्च्या भरायला माणसं पुरणार नव्हती, आणि मुली तर अंग मोकळं करायला मैदानात उतरल्यासुद्धा होत्या. सरांनी कोचला बोलावणं पाठवलं.

बुली आली. केस कापलेले, गळ्यात शिट्टी, चाल तीच. दारात मला पाहून थबकली. “बाबा,” म्हणाली, वाकून पायांना हात लावला आणि मी काही बोलायच्या आत आत गेली.

वर्गीस सर म्हणाले, “एक छोटीशी गोष्ट विचारायची आहे. या बकुल मॅडम तुमच्या कोण?”

बुलीने आईकडे पाहिलं नाही. “जज आहेत ना?”

“ते झालंच. नातं काय?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही, सर.”

“पण मॅडम तर म्हणतात, तुमची मुलगी त्यांची नात आहे.”

“त्यांची गफलत होत असेल. वय झालंय त्यांचं. माझी मुलगी यांना ओळखतसुद्धा नाही, तिला विचारा हवं तर.”

सरांनी अमूल्यकडे पाहिलं. अमूल्य आमच्याकडे शेकडो वेळा जेवला असेल. बुलीला सायकल शिकवायला तोच मागे पळायचा. तो म्हणाला, “गुवाहाटीच्या बाई आल्या नाहीत, सर.” हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

“माझी हरकत नाही,” बुली म्हणाली. “बसू द्या त्यांना. त्यांच्याइतकं निःपक्षपाती या गावात कोणी नाही. माझ्या मुलीला त्या झुकतं माप देणार नाहीत, याची हमी मी देते.”

बाहेरगावच्या एकदोघांना हा विनोद वाटला. ते हसले.

बकुल अजून उभीच होती. मी बाकावरून उठलो होतो. वाटलं, आता म्हणेल, खोटं बोलतेय ही, मी जन्म दिलाय हिला, सगळं आगरतळा साक्षीला आहे. एक शब्द पुरला असता. पण त्या एका शब्दाने पोरगी सगळ्यांसमोर खोटी पडली असती, तिच्या नोकरीच्या जागी गोष्ट गेली असती.

“मॅडम, तुमची गफलत होतेय का?” सरांनी हळू आवाजात विचारलं.

“झाली असेल, सर,” बकुल म्हणाली आणि खाली बसली.

मी तिच्याबरोबर आयुष्य काढलं. बाजारात भाजीवालीने चुकून जास्त मिरच्या टाकल्या तर परत द्यायला जाणारी बाई ती.

मग चिठ्ठ्या काढल्या. कुणी कुठे बसायचं ते नशिबावर सोडतात, म्हणजे आधी कुणी कुणाला गाठू शकत नाही. स्टीलच्या भांड्यातून बकुलला बीम आला, आणि तोही मधल्या, बीमपुरत्या प्रमुख जजच्या खुर्चीचा; वर्गीस सर सगळ्यांच्या वर. अमूल्यने कुणाचा तरी कोट आणून तिला दिला. तिच्या अंगाला तो ढगळ होता आणि खालून लाल काठ दिसत होता.

मी वर एकटा बसलो.

मुलींची नावं पुकारत होते. सौमिली कर्मकार म्हणाले तेव्हा मला आधी कळलंच नाही. मग कडेला उभ्या असलेल्या बुलीचा आवाज आला, “तुतुल, श्वास!” आणि मला कळलं की ही आमची, आणि हिला तुतुल म्हणतात. काटकुळी पोर. कान बाहेर आलेले, मूठभर वेणी घट्ट बांधलेली.

बीमवर चढण्याआधी मुलीने प्रमुख जजसमोर उभं राहायचं असतं. दोन्ही हात वर करायचे, मान ताठ, तोंडावर हसू. मी तयार आहे, असा त्याचा अर्थ. जजनेही हात वर करायचा, म्हणजे कर सुरू. जजने हसायचं नसतं. तुतुल उभी राहिली, हात वर केले आणि बकुलकडे बघून हसली, सगळ्या मुली हसतात तशीच. बकुलने हात वर केला. तो खाली घ्यायला तिला जरा वेळ लागला असं मला वाटलं. शेजारच्या इंफाळच्या जज पोरीने तिच्याकडे पाहिलं, तेव्हा घेतला.

पोर चांगली खेळली. मागे दोन उड्या घेतल्या, गिरकी मारली, एकदा डुगडुगली पण पडली नाही. शेवटी उतरताना पाय रोवले ते असे की माझ्याच गादीतून आवाज आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहून वाजवल्या. खाली बकुल मान खाली घालून लिहीत होती.

गुण लागले आणि तुतुल चौथी आली.

बुली तरातरा टेबलाकडे गेली. मी जिना उतरून कठड्यापाशी आलो. त्या दोन मागच्या उड्या एकीला लागून एक घेतल्या तर त्यांच्या जोडीचे वेगळे गुण मिळतात. मध्ये थांबलं तर जोड तुटते आणि गुण जातात. बकुलने जोड धरली नव्हती. धरली असती तर पोर तिसरी आली असती आणि पुढच्या शिबिराला गेली असती.

कोचला हे विचारायचा हक्क आहे, पण जजशी थेट बोलायची मनाई आहे. जजनेही कोचला उत्तर द्यायचं नाही. जे बोलायचं ते प्रमुखांमार्फत. वर्गीस सर येऊन दोघींच्या मध्ये उभे राहिले.

“सर, त्यांना विचारा, जोड का दिली नाही.”

“मॅडम, जोड का दिली नाही?”

“सर, त्यांना सांगा, पहिल्या उडीनंतर मुलगी थांबली.”

“सर, विचारा, कुठे थांबली?”

“सर, सांगा, मागचा पाय टेकल्यावर. तिथे हात पुन्हा सावरले.”

सरांची मान इकडून तिकडे फिरत होती. बाजूला बसलेल्या मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. इतक्या वर्षांनी माझ्या घरातली दोन माणसं एकमेकींशी बोलत होती, आणि ती अशी.

बुली बंगालीत बोलून गेली, “हात सगळ्यांचेच हलतात! तोल काय नाकाने सावरायचा?”

“काय म्हणाल्या?” सरांनी विचारलं.

“काही नाही, सर. त्यांना विचारा, संशय असला तर फायदा मुलीला द्यायचा असतो ना? नियमच आहे तो.”

“आहे,” सर म्हणाले. “मॅडम, तसं असेल तर बघा.” त्यांच्या आवाजात विनवणी होती. इंफाळची पोरही बकुलकडे बघत होती. ती जोड द्यायला तयार होती, हे तिच्या तोंडावरून आंधळ्यालाही कळलं असतं.

बकुलने नुसतं म्हणायचं होतं, जरा संशय आहे. तिला कुणी काही म्हटलं नसतं. नियम तिच्या बाजूने होता, सर तिच्या बाजूने होते. मी कठडा धरून मनात म्हणत होतो, बोल गं, म्हण संशय होता. सकाळी एकदा खोटं बोललीस, मग आता कशाला अडतेस. त्या वेळी पोरीने तुला नाकारलं, तेव्हा तिच्यासाठी बोललीस. आता ती मागतेय.

बकुलने पेन्सिल खाली ठेवली.

“सर, त्यांना सांगा, मला संशय नव्हता.”

तेव्हा बुलीने तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत.

“तुला कधीच नसतो,” ती म्हणाली.

तुला म्हणाली. परक्या बाईला कुणी असं म्हणत नाही.

“काय म्हणाल्या?” सरांनी पुन्हा विचारलं.

“काही नाही, सर. आभारी आहे.”

आमच्याकडे बक्षिसं झाली की मुली ओळीने वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. कोच, जज, अमूल्य, दारावरचा वॉचमनसुद्धा. मी बकुलपाशी जाऊन उभा राहिलो होतो. तुतुल वाकली. बकुलने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“घरी तुला काय म्हणतात गं?” तिने विचारलं. बुलीची हाक तिनेही ऐकली होती, पण तिला ते पोरीकडून ऐकायचं होतं.

पोर मागे सरली. “मा सांगते, जजशी बोलायचं नसतं.”

“स्पर्धा संपली की, सोन्या.”

तुतुलने वळून पाहिलं. बुली लांब, पिशव्यांच्या ढिगाऱ्यात काहीतरी कोंबत होती. “तरी नाही,” असं म्हणून पोर पुढे सरकली आणि वर्गीस सरांच्या पाया पडली. ते दचकून दोन पावलं मागे गेले. सगळे हसले.

“बरोबर शिकवलंय तिला,” बकुल मला म्हणाली.

दुपारी चंदननगरच्या मुलींना स्टेशनवर न्यायला बस आली. मी खिडकीपाशी गेलो. बकुल माझ्या मागे दोन हातांवर येऊन उभी राहिली, त्याच्या पुढे आली नाही.

“बाबा, जेवलात?” बुलीने खिडकीतून विचारलं.

“जेवलो.” जेवलो नव्हतो.

“तेल लावता का गुडघ्याला?”

“लावतो. पोरगी गुणाची आहे गं. कान तुझे आहेत.”

“कान सोडून काही दिसलं नाही वाटतं तुम्हाला.” ती जराशी हसली. मग हसू गेलं. खिडकीच्या दांड्यावर बोट फिरवत म्हणाली, “बाबा, त्यांना सांगा, ती थांबली नव्हती.”

तिथे वर्गीस सर नव्हते. नियमही नव्हता. टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. मी मागे वळलो.

“अगं, बुली म्हणतेय—”

“ऐकलं मी.” बकुल तिथूनच म्हणाली. “तिला सांगा, थांबली होती.”

मी पुन्हा खिडकीकडे वळलो. असला निरोप कसा पोचवायचा? तोंडाला आलं ते बोललो.

“तुझी आई म्हणतेय, पोचल्यावर कळव.”

बुली माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. “असं म्हणाली?”

“हो.”

“मला ऐकू येतं, बाबा.”

ड्रायव्हरने बस सुरू केली. मागच्या सीटवर मुली चुरमुऱ्याच्या पुडीवरून भांडत होत्या, त्यांत तुतुलची वेणी दिसली. बस फाटकातून बाहेर पडून वळली.

आम्ही चालत निघालो. बकुल माझ्यापेक्षा भराभर चालते, पण त्या दिवशी मागे पडत होती. तळ्याच्या कडेला आल्यावर ती थांबली.

“अहो, तुम्ही तर वरून बघत होतात,” ती म्हणाली. “वरून चांगलं दिसतं. खरं सांगा. थांबली होती का हो ती?”

बकुलने मला असं कधी विचारलं नव्हतं. या खेळातलं काही तिने मला कधीच विचारलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, आणि मला सांगता येण्यासारखं काही नव्हतं. मी पोरीच्या पायांकडे बघितलंच नव्हतं. मी सगळा वेळ तिच्या तोंडाकडे बघत होतो.